बरणीतला नेमका दिवस

घरी काहीतरी आंबवून बघायचं म्हटलं की जवळजवळ प्रत्येकजण आधी बिअरकडे वळतो, आणि ते समजण्यासारखं आहे, बिअरचं सामान मिळतं, किट मिळतं, अडलं तर विचारायला माणसं मिळतात. पण माझं मत आता अगदी पक्कं झालंय की घरी करण्यातली खरी मजा बिअरच्या आजूबाजूला जी पेयं आहेत त्यांच्यात आहे. मीड म्हणजे मधाची वाइन, सफरचंदाचं सायडर, आल्याची जिंजर बिअर (नावात बिअर असली तरी हिच्यात धान्य नसतं), अननसाच्या सालांचं तेपाचे, राय नावाच्या धान्याच्या पावाचं क्वास, गोड चहाचा कोंबुचा, साखरेच्या पाण्याचं वॉटर केफिर. कारण काय, तर चांगली बिअर कारखान्यात बनते आणि विकत आणता येते, आपण घरी जीव ओतून केली तरी बहुतेक वेळा त्या विकतच्या चवीच्या जवळ जायची धडपड चालू असते. ही बाकीची पेयं ज्या दिवशी सगळ्यात छान लागतात त्या दिवशी ती जगातल्या कुठल्याच दुकानात नसतात. असूच शकत नाहीत. तो दिवस फक्त ज्याच्या ओट्यावर बरणी आहे त्यालाच मिळतो.

बिअर कारखान्यात इतकी नीट कशी बसली हे बघितलं की बाकीची का बसली नाहीत ते आपोआप कळतं. बिअर धान्याची, आणि धान्य वर्षभर साठवता येतं म्हणजे मोसमाची कटकट नाही. मग त्यात हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, ज्यांच्यातली कडू द्रव्यं आंबटपणा आणणाऱ्या बऱ्याचशा जिवाणूंना वाढू देत नाहीत. मग तो धान्याचा रस उकळायचा, म्हणजे धान्यावर बसून जे कोणी आत आलं असेल ते मेलं. आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं, तिथून पुढे पिंपात कोण शिरणार आणि कोण नाही हे माणूस ठरवायला लागला. खरंतर त्याच्या जेमतेम पन्नास वर्षं आधी, १८३७ च्या सुमाराला, थिओडोर श्वान आणि आणखी दोघांनी वेगवेगळं काम करून यीस्ट जिवंत आहे असं सांगितलं तेव्हा त्या काळच्या बड्या केमिस्ट लोकांनी त्यांची जाहीर टिंगल केली होती. म्हणजे हजारो वर्षं माणूस जे करत होता ते कोण करतंय हेच माहीत नव्हतं, आणि कळल्यावर पन्नास वर्षांत त्याला एकट्याला कामाला लावलं. हे फार मोठं काम होतं, माझ्या मनात त्याबद्दल आदरच आहे. पण एकट्या यीस्टची चव एकच असते, आणि गर्दीची चव रोज बदलते. मला ती बदलणारी चव आवडते.

गर्दी म्हणजे काय ते बघायचं असेल तर आल्यापासून सुरुवात करावी. न सोललेलं आलं किसायचं, चमचाभर आलं, चमचाभर साखर, पेलाभर क्लोरीन नसलेलं पाणी (नळाचं असेल तर उकळून गार केलेलं), आणि रोज थोडं आलं थोडी साखर घालत ढवळायचं. उबदार घरात पाच-सहा दिवसांत, थंडीत जरा जास्त दिवसांनी वर बुडबुडे यायला लागतात आणि जवळ कान नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. बाहेरून काहीही घातलेलं नसतं, जे काही आहे ते आल्याच्या सालीवरच होतं, जंगली यीस्ट आणि लॅक्टिक ॲसिड करणारे जिवाणू. याला जिंजर बग म्हणतात. आल्याचा साखर घालून उकळलेला काढा पूर्ण गार करायचा, लिंबू पिळायचं, त्यात हा बग गाळून साधारण दहाव्या हिश्श्याने घालायचा आणि बाटल्यांत भरायचं, झालं.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घरोघरी जिंजर बिअर व्हायची ती एका पिवळट पांढऱ्या, चिकट दाण्यांच्या गोळ्यापासून, त्याला जिंजर बिअर प्लांट म्हणायचे आणि तो एका घरातून दुसऱ्या घरात जायचा. हॅरी मार्शल वॉर्ड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो गोळा घेतला, चिवटपणे त्याच्यातला एकेक जीव वेगळा केला आणि १८९२ मध्ये छापून सांगितलं की यात बरेच पाहुणे आहेत, पण मुख्य दोघंच, एक यीस्ट आणि एक जिवाणू जो स्वतःभोवती जेलीसारखं आवरण करतो आणि त्या आवरणात यीस्ट अडकून राहतं. आणि मग त्याने त्या दोघांना शुद्ध रूपात पुन्हा एकत्र आणून तो गोळा परत तयार करून दाखवला. हान्सेन एकाला वेगळं काढतोय आणि त्याच्यानंतर दहाएक वर्षांत हा माणूस दोघांचं एकत्र राहणं कसं चालतं ते शोधतोय. बिअर पहिल्या वाटेने गेली. आपण जे घरी करतोय ते दुसऱ्या वाटेवरचं आहे.

आता त्या नेमक्या दिवसाबद्दल, कारण मला मुख्य तेच सांगायचंय.

तेपाचे हे मेक्सिकोचं, आणि त्यात काय लागतं तर अननसाची सालं, मधला कडक दांडा, शुद्ध न केलेली तपकिरी साखर, पाणी, हवी तर दालचिनी आणि लवंग. सालं घासायची नाहीत, नुसती पाण्याने धुवायची, कारण यीस्ट तिथेच आहे. कापड बांधून ठेवायचं. पहिल्या दिवशी चव घेतली तर नुसतं गोड पाणी, अननसाचा वास लागलेलं. दुसऱ्या दिवशी वर पांढरा फेस येतो, गोडी तशीच असते पण जिभेच्या टोकाला काहीतरी टोचतं. मग तिसऱ्या दिवशी, उन्हाळा असेल तर दुसऱ्या संध्याकाळीच, अशी एक वेळ येते की गोड, आंबट, फळाचा वास आणि बुडबुडे सगळं एकाच उंचीवर येतं, कुणीच कुणाच्या वरचढ नाही. आणखी एक दिवस गेला की यीस्टने साखर संपवत आणलेली असते, अल्कोहोल वाढलेलं असतं आणि हवेतले ॲसिटिक जिवाणू त्या अल्कोहोलचं व्हिनेगर करायला बसलेले असतात. ते व्हिनेगरही चांगलं असतं, मी ते वापरते, पण ते तेपाचे राहिलेलं नसतं.

म्हणजे त्या नेमक्या चवीची खिडकी किती, तर काही तासांची. आता एखाद्या कंपनीने हे बाटलीत भरून विकायचं म्हटलं तर दोनच मार्ग, एक तर गरम करून सगळ्यांना मारायचं, पाश्चरने १८६० च्या दशकात वाइनसाठी शोधलेली पद्धत, आणि मग वरून गॅस भरायचा, नाहीतर ते जिवंत ठेवायचं आणि मग बाटली ट्रकमध्ये, गोदामात, शेल्फवर पुढे पुढे बदलत राहणार. याचं जाहीर उदाहरण कोंबुचाचं आहे. २०१० मध्ये अमेरिकेत मोठ्या दुकानांना कोंबुचाच्या बाटल्या शेल्फवरून काढाव्या लागल्या, कारण भरताना त्यांच्यात अल्कोहोल नगण्य होतं पण बाटलीत आंबणं चालूच राहिलं आणि काही बाटल्यांमध्ये ते ०.५ टक्क्याच्या पुढे गेलं, तिथल्या कायद्यात त्याच्या पुढे ते मद्य होतं. यात कुणाचा दोष काढायचा? पेय त्याचं काम करत होतं. जे सतत बदलतं त्याच्यावर एकच लेबल लावायचं म्हणजे हे होणारच.

कोंबुचा घरी करायला सोपा आहे म्हणून लोक त्याला किरकोळ समजतात, पण माझ्या मते समजून घ्यायला तो सगळ्यात श्रीमंत आहे. लिटरभर गोड चहा, साखर ६०-७० ग्रॅम, आणि आधीच्या कोंबुच्यातला शंभर एक मिली. वर जी रबरासारखी चकती तरंगते तिच्यातच सगळा जीव आहे असं लोकांना वाटतं आणि ती नाही म्हणून कितीतरी जण सुरूच करत नाहीत, पण ती चकती म्हणजे ॲसिटिक जिवाणूंनी विणलेलं सेल्युलोज, खरं सैन्य त्या आधीच्या आंबट द्रवात असतं. तो द्रव घातला की चकती स्वतःची स्वतः तयार होते. आत चाललंय काय तर यीस्ट साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे करतं, ते खाऊन अल्कोहोल करतं, आणि वरच्या चकतीतले जिवाणू हवा घेऊन त्या अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करतात आणि काही ग्लुकोजचं ग्लुकॉनिक ॲसिड. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण. म्हणून कोंबुच्याला हवा लागते, तोंडावर घट्ट विणीचं कापड बांधायचं, झाकण लावायचं नाही, आणि इतर पेयांना तशी हवेची गरज नसते. हा एक फरक डोक्यात बसला की निम्मी रेसिपी पाठ करायची गरजच राहत नाही.

इथे पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या, पट्ट्या (आकडा जितका खाली तितकं आंबट) घेऊन ठेवाव्यात असं मी प्रत्येकाला सांगते, स्वस्त असतात आणि मनाला शांतता देतात. (पीएचची मोजपट्टीसुद्धा याच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतून आली, सोरेन्सेनने १९०९ मध्ये मांडली. बिअरवाल्यांचं आपल्यावर एवढं ऋण आहे.) कोंबुचा आठवड्याच्या आत ४.२ च्या खाली उतरायला हवा, एरवी तो अडीच-साडेतीनच्या मध्ये कुठेतरी थांबतो. आधीचा आंबट द्रव भरपूर घालायचा तो यासाठीच, पहिल्या दिवसापासून पाणी आंबट असलं की नको ते जीव उभेच राहत नाहीत. वर पातळ, पांढरी, सुरकुतलेली साय आली तर ते ‘काह्म’ नावाचं यीस्ट, दिसायला वाईट, चवीला थोडं बिघडवणारं, पण घाबरायचं कारण नाही. केसाळ, हिरवे, काळे किंवा निळे ठिपके आले तर ती बुरशी आहे, वरचं काढून खालचं वापरू असा विचारही करू नये, सगळं टाकायचं, चकतीसकट, आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवायची. आणि चकाकी चढवलेली मातीची भांडी आंबट पेयाला अजिबात नकोत, त्या चकाकीत शिसं असलं तर ॲसिड ते ओढून घेतं. काच सगळ्यात बरी.

वॉटर केफिर, क्वास, फिनलंडचं ‘सीमा’ नावाचं पेय यांच्याबद्दल वेगवेगळं लिहिता येईल पण थोडक्यात सांगते. वॉटर केफिरचे पारदर्शक दाणे साखरेच्या पाण्यात दोन दिवसांत काम करतात, हे दाणे डेक्स्ट्रान नावाच्या पदार्थाचे असतात आणि तोही जिवाणूंनीच बनवलेला असतो. क्वास कडक भाजलेल्या रायच्या पावाचं, एक-दीड टक्क्याच्या आतबाहेर अल्कोहोल, पावाच्या करपलेल्या कडेची चव आणि मागून आंबट. सीमा लिंबू आणि साखरेची, फिनलंडमध्ये ती १ मेच्या सणाला पितात, आणि हिच्यातली युक्ती मला सगळ्यात गोड वाटते. प्रत्येक बाटलीत दोन-चार बेदाणे टाकायचे, ते आधी तळाशी बसतात, आणि आत पुरेसा गॅस झाला की बुडबुडे त्यांना चिकटून ते वर येतात. बेदाणे वर आले की सीमा तयार. म्हणजे तो नेमका दिवस बाहेरून डोळ्यांना दिसतो! ज्या कुणी हे पहिल्यांदा लक्षात ठेवलं असेल त्या बाईने किंवा बुवाने बाटलीकडे किती वेळ बघितलं असेल.

गॅसचा विषय निघालाच आहे तर इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण या छंदात माणूस जखमी होऊ शकतो तो इथेच. हिशोब सोपा आहे. यीस्टने बंद बाटलीत लिटरमागे ४ ग्रॅम साखर खाल्ली की साधारण एक आकारमान कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एक लिटर द्रवात एक लिटर गॅस विरघळतो. नेहमीच्या बिअरमध्ये अडीचच्या आसपास असतो. शॅम्पेनमध्ये दुसऱ्या आंबण्यासाठी लिटरमागे २४ ग्रॅम साखर घालतात, त्यातून सहा वातावरणांएवढा दाब होतो, कारच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि म्हणून ती बाटली इतकी जाड आणि जड असते. आता आपलं अर्धवट गोड तेपाचे किंवा जिंजर बिअर बघा, तिच्यात लिटरमागे ६०-८० ग्रॅम साखर अजून शिल्लक आहे आणि यीस्ट जोरात आहे. ती सगळी बंद बाटलीत संपली तर २० आकारमानांपर्यंत गॅस. कुठलीही काच हे सहन करणार नाही. म्हणून नियम एकच, गोड आणि जिवंत पेय बंद केलं की त्यातली निदान एक बाटली प्लॅस्टिकची, सोड्याची येते तशी, भरायची आणि रोज दाबून बघायची, दगडासारखी कडक झाली की सगळ्या फ्रिजमध्ये. फ्रिजमध्येसुद्धा यीस्ट मरत नाही, सुस्तावतं फक्त, म्हणून आठवड्याभरात पिऊन टाकायच्या. जुन्या जॅमच्या, सॉसच्या पातळ काचेच्या बाटल्या, चौकोनी शोभेच्या बाटल्या यांच्यात कधीच भरू नये, चौकोनी बाटलीचे कोपरे आधी जातात.

आणि अल्कोहोलचा हिशोबही माहीत असलेला बरा, लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल. दोन दिवसांची जिंजर बिअर म्हणजे लहान मुलांचं सरबत असं धरून चालणारे लोक भेटतात तेव्हा मी हा आकडा सांगते, कारण तीच बाटली उबेला आठवडाभर राहिली तर तीन-चार टक्के सहज होतात. मुलं, गरोदर बाई, औषधं चालू असलेलं कुणी, दारू न पिणारं कुणी, यांच्यासमोर पेला ठेवायच्या आधी आत काय आहे ते स्पष्ट सांगायलाच हवं.

आता दुसरं टोक, जिथे खिडकी काही तासांची नसून काही महिन्यांनी उघडते. मीड.

मधात सुमारे ८० टक्के साखर आणि १७-१८ टक्के पाणी असतं, एवढ्या दाट साखरेत यीस्ट हलूही शकत नाही, म्हणून मध वर्षानुवर्षं टिकतो. त्यात पाणी घातलं की मात्र तो आंबायला मोकळा होतो. चीनमधल्या जियाहू इथे सापडलेल्या सुमारे ९००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या आत तांदूळ, मध आणि फळ यांच्या आंबवलेल्या पेयाच्या खुणा मिळाल्या, ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की ते पेय मिश्र होतं. आपण आज जी खाती पाडलीत, ही बिअर, ही वाइन, हे मीड, ती त्या मडक्याला माहीत नव्हती, जे गोड हाताशी होतं ते सगळं आत गेलं. घरी करताना तीच मोकळीक आपल्याकडे असते, सफरचंदाच्या रसात मध घाला, मधात आलं घाला, कोणी विचारायला येत नाही. इथिओपियात मधाचं ‘तेज’ नावाचं पेय करतात त्यात गेशो नावाच्या झुडपाची पानं आणि काड्या घालतात, हॉप्ससारखाच कडवटपणा त्यातून येतो, आणि ते बरंच ताजं असताना पितात.

करायला मीड अगदी साधं, पाच लिटरमध्ये दीड किलो मध म्हणजे सगळं आंबलं तर १३-१४ टक्के. मध उकळायचा नाही, उकळला की त्याचा फुलांचा वास वाफेबरोबर जातो. कोमट पाण्यात विरघळवायचा, जोरात हलवायचं म्हणजे सुरुवातीला यीस्टला ऑक्सिजन मिळेल, वाइनचं यीस्ट घालायचं आणि एअरलॉक, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न येऊ देणारं बूच, लावायचा. आणि इथे एक गोष्ट आहे जी बहुतेक जुन्या कृतींमध्ये नसते आणि तिच्यामुळेच मीडची बदनामी झाली की ते पिण्याजोगं व्हायला दोन-दोन वर्षं लागतात. मधात साखर प्रचंड पण नायट्रोजन जवळजवळ नाही. माल्टच्या, म्हणजे बिअरच्या धान्याच्या, रसात यीस्टला लागतं ते सगळं असतं, द्राक्षाच्या रसातही बरंच असतं, मधात नसतं, म्हणजे यीस्टच्या पुढ्यात डोंगरभर साखर आणि अंगात ताकद येईल असं काही नाही. मग ते कुढतं, सडक्या अंड्याचा वास सोडतं, घसा जाळणारी जड अल्कोहोलं तयार करतं, आणि ती मुरायला वर्षं जातात. नायट्रोजन असलेलं यीस्टचं खाद्य थोडं थोडं करून पहिल्या तीन-चार दिवसांत विभागून दिलं, तापमान २० अंशांच्या आसपास सांभाळलं, पहिले काही दिवस ढवळून आतला गॅस सोडला, तर तेच मीड सहा महिन्यांत अतिशय सुंदर लागतं. ज्याला तेवढाही धीर नाही त्याने पाच लिटरला अर्धाच किलो मध घ्यावा, साडेचार-पाच टक्क्यांचं हलकं मीड काही आठवड्यांत तयार होतं आणि ते मला स्वतःला जास्तच आवडतं, मधाचा वास त्यात जास्त मोकळा येतो.

मीडसाठी हायड्रोमीटर घ्यावा. काचेची ती नळी गोड पाण्यात वर तरंगते आणि साखर संपत जाईल तशी खाली खाली बुडते, सुरुवातीला घनतेचा आकडा १.१०० आणि शेवटी १.००० (नुसत्या पाण्याएवढा) आला तर फरकाला १३१ ने गुणायचं, तेरा टक्के. अशा उपकरणाचं वर्णन पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सायनेसियसने आपल्या गुरूला, अलेक्झांड्रियाच्या हायपेशियाला, लिहिलेल्या पत्रात आहे, मला एक करवून दे म्हणून त्याने तिला सांगितलंय, आणि मी नळी हातात घेतली की मला त्या दोघांची आठवण हटकून होते. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं धरू नये, बुडबुडे तापमानानेही थांबतात. आठवड्याच्या अंतराने दोनदा मोजून आकडा तोच आला की मगच बाटल्या भरायच्या.

सायडरची खिडकी या दोघांच्या मधली आहे. रसात लिटरमागे १००-१३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात टक्के. विकतचा रस घेतला तर घटक वाचावेत, सॉर्बेट (टिकण्यासाठी घालतात ते) असेल तर यीस्ट नीट उभंच राहत नाही. ताज्या दाबलेल्या रसात काहीच न घालता ठेवलं तर आधी फळाच्या सालीवरचं लिंबाच्या आकाराचं जंगली यीस्ट सुरू होतं, हानसेनियास्पोरा, त्याला जास्त अल्कोहोल झेपत नाही, मग ते मागे पडतं आणि बिअर-वाइनचं नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसिस, ताबा घेतं. पुढे कधीतरी, बरेचदा थंडी ओसरून ऊब आल्यावर, ओइनोकोकस नावाचा जिवाणू त्यातलं झोंबरं आंबट मॅलिक ॲसिड खाऊन त्याचं मऊ लॅक्टिक ॲसिड करतो. म्हणजे हिवाळ्यात प्यायलेलं आणि त्याच बरणीतलं नंतर प्यायलेलं सायडर ही दोन वेगळी पेयं. चव बघून नापसंत केलेली बरणी ओतायच्या आधी एक ऋतू थांबून बघावी, हे मी सायडरकडून शिकले, आणि आता मीडलाही तेच लावते.

साकेबद्दल लोक विचारतात. तांदळात साखर नसते, स्टार्च असतो, म्हणून तिथे आधी कोजी बुरशी, ॲस्परजिलस ओरायझी, स्टार्चची साखर करते आणि त्याच भांड्यात त्याच वेळी यीस्ट ती साखर खातं, दोन्ही एकाच वेळी चालल्यामुळे ते न उकळता, न ऊर्ध्वपातन करता २० टक्क्यांच्या जवळ पोचतं. फार देखणी गोष्ट आहे. पण कोजी नीट वाढवायला तापमान आणि ओल दोन-तीन दिवस डोळ्यात तेल घालून सांभाळावी लागते, पहिलं पेय म्हणून मी कुणाला सुचवणार नाही. आणि गंमत बघा, खुद्द जपानमध्ये एक टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोलचं काहीही घरी आंबवायला परवानगी नाही, ही बंदी १८९९ पासूनची.

कायद्याचं तेवढं आधी बघून घ्यावं, कारण देशोदेशी ते फारच वेगळं आहे. ब्रिटनमध्ये घरी पिण्यासाठी बिअर करण्यावरचं परवाना आणि कराचं बंधन १९६३ मध्ये उठलं, अमेरिकेत घरच्या बिअरला केंद्राच्या पातळीवर मोकळीक १९७८ मध्ये मिळाली. ऊर्ध्वपातन, म्हणजे आंबवलेलं तापवून त्याची दारू गाळणं, मात्र बऱ्याच देशांत घरी बेकायदा आहे, न्यूझीलंडसारखे काही अपवाद सोडले तर, आणि त्या वाटेला जाऊच नये, तिथे आग, स्फोट आणि मिथेनॉल सगळंच आहे. नुसत्या आंबवलेल्या पेयात मिथेनॉल फळाच्या पेक्टिनमधून अगदी थोडं येतं, ते घाबरण्याएवढं नसतं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर माझं म्हणणं असं की पहिल्याच महिन्यात एक लवकरचं आणि एक उशिराचं अशी दोन पेयं एकदम लावावीत. एका बरणीत तेपाचे किंवा जिंजर बग, ज्याची चव सकाळ-संध्याकाळ स्वच्छ चमच्याने घ्यायची आणि वहीत दोन शब्द लिहायचे, गोड, टोचतंय, आंबट झालं, काहीही. दुसऱ्या बरणीत मीड, तारीख आणि हायड्रोमीटरचा आकडा लिहून, अंधाऱ्या कपाटात. पहिल्या बरणीने जीभ तयार होते, कारण तेच पेय इतक्या जवळजवळच्या टप्प्यांवर चाखायला दुसरीकडे कुठेच मिळत नाही. असे चार-सहा घाणे झाले की वास घेऊनच कळायला लागतं की आज गाळायचं की उद्या, आणि मीडची पहिली बाटली उघडायची वेळ येईल तोवर त्यात काय शोधायचं हे जिभेला ठाऊक झालेलं असतं. मीडच्या सगळ्या बाटल्या एकदम संपवू नयेत, तीन-तीन महिन्यांनी एक उघडावी आणि वहीत त्याच पानावर लिहावं.